काखेत सहा भोकं

यादी सायक्लोस्टाइल केलेली होती. तिच्यातला अकरावा मुद्दा असा: "जॅकेट, जलरोधक, वजन अर्ध्या किलोच्या आत, टोपीसह. नग एक. (महिलांनी पतीचे अथवा भावाचे आणल्यास चालेल.)"

तो कंस वाचून माझं डोकं जे तापलं, ते अजून पुरतं निवलेलं नाही. हिमालयातून परत आलेली माणसं आधी बर्फाबद्दल लिहितात. मी जॅकेटबद्दल लिहिणार आहे. बर्फ तिथे गेलं की आपोआप दिसतो. जॅकेट मात्र इथूनच न्यावं लागतं, आणि बाईमाणसाला ते मिळवायला काय काय करावं लागतं हे कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

मी वाशीच्या एका शाळेत शिवणकाम शिकवते. वय सेहेचाळीस. आमच्या गिर्यारोहण मंडळाबरोबर गेली सहा वर्षं सह्याद्रीतले किल्ले चढते आहे. मंडळाने मे महिन्याच्या सुट्टीत हिमाचलमधली एक खिंड ओलांडायचं ठरवलं आणि आधीच्या जुलैमध्येच यादी वाटली. आमच्या घरी पतीकडे एक रेनकोट आहे, रबराचा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात स्कूटरवरून जाताना घालायचा. स्वयंपाकघरातल्या तराजूवर तो मावेना, म्हणून रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून पाहिला. सव्वादोन किलो. भाऊ रत्नागिरीला असतो आणि छत्री वापरतो. म्हणजे कंसातल्या दोन्ही वाटा बंद. मग पुढे काय करायचं, याबद्दल यादीत एक अक्षर नव्हतं.

मुंबई

आमच्या वरच्या मजल्यावर शैला राहते. बँकेत आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि तिची जीभ माझ्या कात्रीहून धारदार आहे. तीही खिंडीला येणार होती. एका शनिवारी आम्ही दोघी बसने पूल ओलांडून मुंबईला गेलो आणि फॉरेनचा माल विकणाऱ्या गल्ल्या पालथ्या घातल्या.

"लेडीजमध्ये नाही येत," पहिला दुकानदार म्हणाला.

"का येत नाही?"

"मॅडम, डोंगरावर लेडीज जातात कुठे?"

"आम्ही जातो ना, येत्या मे महिन्यात हिमालयात. समोर उभ्या आहोत त्या काय बाहुल्या आहोत?" शैला म्हणाली.

त्याने एक निळं जॅकेट काढलं. वजनाला झकास, घडी केली तर पिशवीत मावेल असं. खांद्याला माझ्यासारख्या दोघी आत शिरतील एवढं रुंद, आणि खाली चेन कमरेशी येऊन अडली ती अडलीच. पुरुषांना कंबर नसते, त्यामुळे जॅकेट कापणाऱ्यालाही ती आठवत नाही.

"थोडं बारीक व्हा ना मॅडम," तो सल्ला द्यायला लागला. "मे महिन्यापर्यंत वेळ आहे."

मी जॅकेट काढून त्याच्या काउंटरवर टाकलं. शैला सडपातळ आहे, तिच्या कमरेवरून ते गेलं. पण बाह्या बोटांच्या खाली वीतभर आणि खालची कड गुडघ्याला. तरी तिने ते घेतलं.

"अगं, शेतात उभं केलं तर पाखरं उडतील," मी म्हणाले.

"उडू देत. मला शिवत बसायला वेळ नाही, मालूताई."

मला होता. बसमध्येच मी ठरवलं की आपलं आपण शिवायचं. मुलींना मी वर्षानुवर्षं झबल्यापासून सदऱ्यापर्यंत शिकवते. एका जॅकेटसाठी लोकांनी माझी कंबर मापायची काय गरज?

वाशी

वाचकांपैकी कोणाला असं जॅकेट निवडायचं किंवा शिवायचं असेल, तर माझा हिशेब सांगून ठेवते.

साधं प्लास्टिक नको. करवंदीच्या जाळीत एकदा अडकलं की त्याच्या पताका होतात. रबर नको, कारण खांदे मोडतात. पॅराशूट कापड म्हणून जे मिळतं ते घ्यावं, पण एका बाजूने लेप दिलेलं. ओठ लावून आरपार फुंकून पाहावं. हवा गेली तर तो तुकडा बाजूला ठेवावा. शिवताना बारीक सुई लावावी आणि टाका लांब ठेवावा, कारण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. कड दोनदा दुमडून चपटी शिवण घालावी आणि आतून प्रत्येक शिवणीवर सायकलच्या पंक्चरला लावतात ते सोल्यूशन बोटाने फिरवावं. चेनवर कापडाची पट्टी हवी. खिसे छातीवर हवेत, कमरेवर घेतले तर पाठपिशवीच्या पट्ट्याखाली दबतात. आणि टोपी अशी हवी, की मान वळवली की तीही वळली पाहिजे. शैलाच्या जॅकेटात मान वळवली की डोळ्यांसमोर टोपीचं अस्तर यायचं.

कापड मिळालं ते वाशीतच. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईहून इथे आल्यापासून त्याच्या आसपास ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे बसले आहेत. त्यांतले नारायण पाटील तुर्भ्याचे. पूर्वी यांची भातशेती होती, ती नव्या शहरात गेली. आता ताडपत्र्या विकतात, आणि स्कूटरच्या कव्हरासाठी पॅराशूट कापडाचे तुकडेही ठेवतात.

"काय शिवताव बाय, स्कूटरला?" त्यांनी विचारलं.

"मला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मापाबद्दल एक शब्द न बोलता तीन मीटर कापड फाडून दिलं. मुंबईच्या सगळ्या गल्ल्यांत एवढी सभ्यता मला भेटली नव्हती.

पंधरा दिवसांत जॅकेट तयार झालं. नारिंगी रंगाचं. तराजूवर तीनशे ऐंशी ग्रॅम. मी ते घालून आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःवर खूश झाले, हे कबूल करते.

द्रोणागिरी

ऑगस्टच्या एका रविवारी जॅकेटची परीक्षा घ्यायला शैलाला घेऊन मी उरणला गेले. उरणच्या रस्त्यावर तेव्हा बंदराच्या कामाचे डंपर एकामागून एक मुरूम वाहत होते आणि आमची एसटी चिखलाने रंगून निघाली. दोन्ही बाजूंची मिठागरं पावसाच्या पाण्याने भरलेली. द्रोणागिरीचा डोंगर काही फार उंच नाही. चढायला तासभर. पण पाऊस असा, की पायवाटेचा ओढा झाला होता. वर जुन्या तटाचे अवशेष आहेत. ढग फाटला तर एका बाजूला करंजाची खाडी आणि दुसऱ्या बाजूला नवी बांधकामं दिसतात. आमच्यासाठी ढग मिनिटभर फाटला. खाडीत होड्या ओढून ठेवलेल्या दिसल्या आणि लगेच सगळं पांढरं.

तटाच्या आडोशाला बसून थालीपीठ काढलं, तेव्हा मला जाणवलं की आपला सदरा ओला आहे. दमट वगैरे नाही, पिळून काढावा असा. पाठ, काखा, छाती, सगळं. वारा सुटला तशी मी कुडकुडायला लागले. ऑगस्टमध्ये, उरणला!

"गळलं वाटतं तुझं जॅकेट," शैला म्हणाली. तिचंही आतून ओलं होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं.

माझा संताप मात्र अनावर झाला. शिवणी माझ्या होत्या, त्या गळणार नाहीत याची खात्री होती. म्हणजे कापड खोटं. त्या सभ्य माणसाने मला फसवलं होतं. उतरताना घसरून पडले, कोपर खरचटलं, तेही मी नारायण पाटलांच्याच खात्यावर टाकलं.

कांदा बाजार

सोमवारी शाळा सुटली तशी जॅकेट घेऊन थेट त्यांच्या टपरीवर गेले.

"हे वॉटरप्रूफ कापड? माझा सदरा पिळून बादली भरली असती!"

नारायण पाटलांनी ते माझ्या हातातून घेतलं. जॅकेट उलटं करून त्याची झोळी केली, चार खुंट्यांना अडकवली आणि डालड्याच्या डब्याने आत पाणी ओतलं. एक डबा. दोन डबे. मग स्वतःसाठी चहा मागवला, माझ्यासाठीही. चहा पिऊन होईपर्यंत झोळीखालची फरशी कोरडीच होती. मी वाकून शिवणींवरून हात फिरवला. एक थेंब नाही.

"बाय, कापर गलत नाय," ते म्हणाले. "पानी तुमचाच हाय."

"माझं म्हणजे?"

"या माझ्यासंगती."

बाजाराच्या मागे त्या दिवशी दोन ट्रक रिकामे होत होते. पहिल्याची ताडपत्री सोडली तर खालचा कांदा कोरडा, सालं खुळखुळत होती. दुसऱ्या ट्रकवर मात्र ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट आवळून बांधलेली. ती वर उचलली तसा आतून गरम, आंबूस वास आला. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते. गोणीतला कांदा हातात घेतला तर सुळसुळीत.

"नवा डायवर हाय. पावसाला घाबरला नि आवलून बांधलान," नारायण पाटील म्हणाले. "कांद्याला बी घाम येतो बाय. वारा नाय भेटला का आपल्याच पान्यात कुजतो. आमी बाजूला फट ठेवताव, खालच्या अंगाला. पाऊस वरशी येतो, खालशी नाय येत."

मी तिथे उभी राहून तो ओला कांदा हातात फिरवत राहिले. वीस वर्षं शिवण शिकवते आहे, आणि कापडाच्या आत एक अंग असतं, ते डोंगर चढताना तापतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. कोकणातल्या माणसाला पाऊस म्हणजे वरून पडणारा एवढाच ठाऊक असतो. आपण कायम त्याच्याच बंदोबस्ताला लागलेले.

"मग मी फट कुठे ठेवू?"

त्यांनी हात वर करून स्वतःच्या काखेकडे बोट दाखवलं आणि ताडपत्रीला पितळी रिंगा ठोकायचं हत्यार काढलं. प्रत्येक काखेत त्यांनी चार भोकं पाडून चार रिंगा बसवल्या. पुढच्या रविवारी मी पुन्हा द्रोणागिरी चढले, या वेळी एकटीच. सुधारणा होती, पण पाठ अजून दमट. परत गेले.

"चार पुरत नाहीत."

"मंग सहा करा. तुमी कांद्यापरीस जास्ती तापताव," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले.

सहा केल्या. तिसऱ्या खेपेला तटाच्या आडोशाला बसून मी थालीपीठ खाल्लं, आणि सदरा जवळपास कोरडा होता.

तळ

आगगाडी, दिल्ली, रात्रभराची बस आणि त्या बसमध्ये शैलाला लागलेली बस, हे सगळं वाचकांनी गाळलेलं बरं. तळ एका देवदाराच्या रानाला लागून होता. खाली नदी, पलीकडे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि समोर डोंगर इतका उभा की टोक पाहायला टोपी सांभाळावी लागे. पोचलो त्या संध्याकाळी गावातल्या एका घरात आम्हाला सिड्डू खायला मिळाले, गव्हाच्या पिठाचे फुगवून उकडलेले जाड गोळे, आत अक्रोडाचं सारण, वर तुपाची धार. आपल्या उकडीच्या मोदकाचा हा पहाडी चुलतभाऊ, फक्त कळ्या पाडायच्या भानगडीत न पडलेला.

त्या घरातल्या बाईने माझं नारिंगी जॅकेट चिमटीत धरून पाहिलं आणि हसली. तिच्या अंगावर मेंढीच्या लोकरीचा पट्टू होता, घरच्या मागावर विणलेला, आपल्या घोंगडीसारखा. "ये तो कागज है," ती म्हणाली. मी तिचा पट्टू नाकाशी धरला. पाऊस, धूर आणि मेंढी यांचा वास. वरून दमट, आतून ऊबदार. तिने आयुष्यात जॅकेटची निवड केली नव्हती आणि तिला कोणी कंसात टाकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे लीडर कर्णिक साहेब यांनी सामानाची तपासणी ठेवली. कर्णिक साहेब निवृत्त अधिकारी, शिस्तीचे, आणि यादी त्यांनीच केलेली होती. स्वतः ते एक जाड, रबराचं अस्तर असलेलं जॅकेट घालून उभे होते. आम्हा पंधरा जणांना ओळीत उभं केलं. शेजारी पाण्याची बादली आणि एक मग. प्रत्येकाच्या खांद्यावर मगभर पाणी ओतायचं, पाणी आत गेलं नाही तर पास. नापास झाला तो तळावर राहणार, खिंडीला नाही. तसं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, आणि मला ते मान्यही होतं. डोंगरात भिजलेला माणूस बाकीच्यांच्या जिवाला घोर असतो.

शैलाचं बुजगावणं पास झालं. माझ्या खांद्यावर पाणी ओतलं, ते ओघळून गेलं. मी पुढे सरकणार तेवढ्यात साहेबांना काखेखाली पितळ चमकलेलं दिसलं.

"हे काय आहे?"

"रिंगा. हवेसाठी."

"भोकं पाडलीत? जॅकेटला?"

"मुद्दाम पाडली आहेत."

"हात वर करा."

मी हात वर केला. आणि या गृहस्थाने चौदा माणसांदेखत माझ्या काखेत मगभर पाणी ओतलं. बर्फाचं वितळलेलं, नदीचं पाणी. ते अर्थातच आत गेलं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली, त्यावर दोघेतिघे हसले. त्या दोघातिघांची नावं माझ्या लक्षात आहेत.

"नापास," साहेब म्हणाले.

"साहेब, पाऊस वरून पडतो. हात वर करून, काख आभाळाला दाखवत मी खिंड चढणार नाही. आत घाम साठला तर माणूस आतूनच भिजतो. कांदा बाजारात..."

"कांदा बाजार?" आता सगळेच हसले.

"सावंतबाई, तुमचा उत्साह चांगला आहे," ते म्हणाले. हा सूर मी मुख्याध्यापकांकडून पुष्कळ ऐकला आहे. "पण भोक असलेलं जॅकेट जलरोधक नसतं. यात वाद घालण्यासारखं काही नाही. तुम्ही तळावर थांबा. स्वयंपाकाच्या तंबूत तसंही कोणीतरी लागतंच."

मला काय झालं ते लिहून दाखवता येणार नाही. नऊ महिने. तीन वेळा द्रोणागिरी. सहा वर्षांचे किल्ले. आणि शेवटी स्वयंपाकाचा तंबू! मी ओली काख घेऊन तंबूत गेले आणि सदरा बदलला.

"मालूताई, भोकांवर आतून पट्टी चिकटव की. एवढं काय?" शैला मागून येऊन म्हणाली. "पास झालीस की काढून टाक."

"नाही चिकटवणार."

"अडून बसलीस तर इथे भाजी चिरत बसशील."

"चिरेन. पण घामात कुजणार नाही."

ती मान हलवत निघून गेली. खरं सांगायचं तर पट्टीचा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. माझ्या पिशवीत पट्टी होती, सोल्यूशनची नळीही होती. दहा मिनिटांचं काम. पण मग माझं जॅकेट चूक आणि साहेबांचा मग बरोबर, असं मी स्वतःच्या हाताने शिवल्यासारखं झालं असतं.

धार

तिसऱ्या दिवशी विरळ हवेची सवय व्हावी म्हणून सगळ्यांनी डोंगराच्या वरच्या धारेपर्यंत जाऊन परत यायचं होतं. त्याला नापासांनाही मुभा होती. वाट दाखवायला गावातले प्रेमसिंग होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. डोक्यावर कुल्लूची टोपी, अंगावर लोकरीचा चोला.

रान संपलं तशी हिरवळ लागली, मग नुसते दगड. निघताना ऊन होतं. तासाभराने ढग खाली आले आणि अर्धा पाऊस, अर्धा बर्फ असं काहीतरी तिरकं पडायला लागलं. गालांवर सुया टोचाव्या तसं. मी खाली मान घालून चढत होते आणि मनात हिशेब चालला होता: खांदे कोरडे, बाह्या कोरड्या, काखेतून गार हवेची एक झुळूक येते आणि पाठीवरून फिरते. थंडी वाजत होती, पण भिजलेल्या माणसाची थंडी वेगळी असते. ती मला उरणला चांगली कळली होती.

धारेवर एक मोठा खडक आहे, त्याच्या आडोशाला सगळे थांबले. कोणी बसणार, एवढ्यात प्रेमसिंग म्हणाले, "बैठना नहीं. पहले पीठ."

ही त्यांची रीत. खिंडीकडे नेण्याआधी ते प्रत्येकाच्या मानेमागून कॉलरमध्ये हात घालून पाठ चाचपतात. पाठ ओली असेल तर आधी कोरडा कपडा, मग बसायचं. मेंढ्यांच्या कोकरांनाही ते असंच पाहतात, असं नंतर त्यांनी सांगितलं. बाई-पुरुष काही नाही. निर्विकार चेहऱ्याने ते ओळीने हात घालत चालले.

"गीला." पहिला तरुण कपडे बदलायला गेला.

"गीला." शैला.

"गीला. गीला. गीला."

कर्णिक साहेबांची पाळी आली. प्रेमसिंगनी हात घातला आणि बाहेर काढून आपल्या चोल्याला पुसला. साहेबांचे ओठ जांभळे झाले होते आणि मघापासून त्यांना थरमॉसचं झाकण फिरवता येत नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं.

"साहब, आप तो नहा लिए. जल्दी बदलो."

"बाहेरून थेंबही आला नाहीये," साहेब म्हणाले, मराठीत, कोणाला उद्देशून कोण जाणे.

मग माझी पाळी. तो खरखरीत हात मानेखाली उतरला, थांबला, पुन्हा फिरला. पाठपिशवी टेकते तिथे थोडा दमटपणा होता, तो मी लपवणार नाही.

"मैडम सूखी है. बैठो," प्रेमसिंग म्हणाले. मग त्यांनी माझा हात वर उचलला आणि रिंगा बघितल्या. एका रिंगेत करंगळी घालून पाहिली. "ये किसने सिखाया?"

"प्याज़ वाले ने."

त्यांनी मान डोलावली. हसले नाहीत. मला ते पुरे होतं.

साहेब खडकामागे जाऊन सदरा बदलून आले. तळावर आल्यावर मीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, उद्या मी खिंडीला की भाजीला?"

शेजारी प्रेमसिंग बूट सोडत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "मैडम चलेगी."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. आपण चुकलो हे शब्द त्यांच्या तोंडून येतील अशी माझी अपेक्षा नव्हती आणि आलेही नाहीत. त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलं: "अपवाद म्हणून परवानगी. स्वतःच्या जबाबदारीवर." आणि सहीसाठी वही माझ्याकडे फिरवली.

अपवाद! मी पेन घेतलं आणि सहीच्या आधी एक ओळ वाढवली: "जॅकेट स्वतः शिवलेले. भोके मुद्दाम पाडलेली."

खिंड

खिंडीबद्दल वाचकांना उत्सुकता असेल, तर ती अशी: शेवटचे दोन तास बर्फात पाय रोवत चढायचं, श्वास पुरत नाही, आणि दर पंधरा पावलांना वाटतं की इथे आपलं काय काम आहे. माथ्यावर दगडांचा एक ढीग आणि त्यावर फडफडणाऱ्या चिंध्या. पलीकडे डोंगरच डोंगर, झाड नाही, हिरवं नाही, तांबूस-करडे, कोणीतरी अजून पुरे न केल्यासारखे. मी पाच मिनिटं पाहत उभी राहिले. प्रेमसिंगनी सगळ्यांच्या तळहातावर गुळाचा एक खडा आणि फुटाणे ठेवले. आमच्याकडे भजनानंतर वाटतात तसे. ते मला फार आवडलं.

तिथेच शैलाच्या परदेशी जॅकेटची चेन गोठून अडकली. ना वर, ना खाली. शेवटी मी आणि आणखी एकाने बाह्या धरून ते तिच्या डोक्यावरून ओढून काढलं, आणि ती केस पिंजारून बाहेर आली.

"पुढच्या वेळी माझं माप घे," धापा टाकत ती म्हणाली.

"कंबर धरून?"

"कंबर धरून. आणि भोकं धरून."

कर्णिक साहेब थोडे पलीकडे उभे होते. त्यांनी रबरी जॅकेटची चेन छातीपर्यंत उघडी सोडली होती आणि बर्फ सरळ आत जात होता. मी पाहिलं. त्यांनीही मी पाहिल्याचं पाहिलं.

परत वाशी

घरी आल्यावर जॅकेट धुऊन वाळत घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी नारायण पाटलांकडे अक्रोड घेऊन गेले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी एकच विचारलं, "सायबाला बाजारात का नाय आनलाव?"

गेल्या आठवड्यात मंडळाचं पुढच्या मोहिमेचं पत्रक आलं. तेच सायक्लोस्टाइल, खाली तीच सही. अकरावा मुद्दा वाढला आहे: "जॅकेट, जलरोधक, वजन अर्ध्या किलोच्या आत, टोपीसह. नग एक. लीडरच्या अनुभवानुसार, घाम साठू नये म्हणून प्रत्येक काखेत चार भोके असावीत. (महिलांनी पतीचे अथवा भावाचे आणल्यास चालेल.)"

लीडरच्या अनुभवानुसार! मी ते पत्रक शैलाला वाचून दाखवलं. ती एवढी हसली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मला हसू आलं नाही. माझी काख त्यांनी मगभर पाणी ओतताना इतक्या जवळून पाहिली, आणि मोजायचे कष्टही घेतले नाहीत. या चारवर भरवसा ठेवून कोणी वर गेलं, तर धारेवर कुडकुडत बसेल.

सध्या माझ्या शिवणवर्गात अकरा जॅकेटं मशीनवर आहेत. सगळी बायकांची, प्रत्येकीच्या मापाची. कंसाचा निकाल त्यातून लागेल. आकड्यासाठी मात्र थांबण्यात अर्थ नव्हता. पत्रक आलं त्याच दिवशी पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं आणि तिथल्या बाकावरच, दोरीला बांधलेल्या पेनने लिहिलं:

"श्री. कर्णिक यांस, सा. न. वि. वि. पत्रकातील अकराव्या मुद्द्यात चूक आहे, ती सर्व सभासदांना कळवून दुरुस्त करावी. भोके सहा. चार तर कांद्यालाही पुरत नाहीत. मालती सावंत."